टॅव्हर्न म्हणजे गुत्ता नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या एका जुन्या टॅव्हर्नच्या दुरुस्तीची छोटीशी बातमी आली होती, मथळा होता 'दारूचा गुत्ता वाचवण्यासाठी गावाची धडपड'. मग गुरुवारी त्यावर एका वाचकाचं पत्र आलं की दोनशे वर्षांपूर्वीच्या गुत्त्यावर लोकांनी पैसे कशाला उधळायचे, पाडा आणि पार्किंग करा. मी दोन्ही वाचलं आणि गप्प बसायचं ठरवलं होतं, पण बसवेना. मी पश्चिम पेनसिल्व्हेनियात राहतो, सिव्हिल इंजिनिअर होतो, आता रिटायर्ड आहे, आणि गेली काही वर्षं दर शनिवारी आमच्या टाउनशिपमधल्या (म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या) अशाच एका दगडी टॅव्हर्नच्या भिंतींच्या दरजा चुन्याने भरायचं काम करतो, फुकट. बायकोच्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे, पण निदान गुत्त्यावर जातोय असं तरी ती म्हणत नाही.

आधी शब्दाचंच बोलतो कारण सगळा घोळ तिथेच आहे. टॅव्हर्नला मराठीत एक शब्दच नाही. दारू मिळायची हे खरं, आणि भरपूर मिळायची, आमच्या भागात तर राय धान्याची व्हिस्की हीच जवळजवळ चलन होती. डोंगरापलीकडे धान्य वाहून न्यायला परवडायचं नाही, तेच व्हिस्की करून पिंपात भरलं की घोड्यावर जायचं. म्हणून तर १७९१ मध्ये सरकारने व्हिस्कीवर कर लावला तेव्हा इथले शेतकरी पेटले आणि १७९४ मध्ये खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन जवळजवळ १३,००० शिपाई घेऊन बेडफर्डपर्यंत आला. पण दारू हा टॅव्हर्नचा एक भाग झाला. त्याच छपराखाली खाणावळ, मुक्कामाची सोय, घोड्यांचा तबेला, टपाल, पेपर वाचून दाखवायची जागा, मिलिशियाच्या (गावकऱ्यांच्या हंगामी फौजेच्या) हजेरीचं ठिकाण, लिलाव, निवडणूक, आणि कोर्ट सुद्धा. आपली सराई, चावडी आणि खाणावळ एकत्र करा म्हणजे साधारण अंदाज येईल.

कोर्टाचं अतिशयोक्ती वाटेल म्हणून सांगतो. पिट्सबर्गच्या पूर्वेला हॅनाज टाउन म्हणून जागा आहे. १७७३ मध्ये वेस्टमोरलँड काउंटी (म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) झाली तेव्हा कोर्टाला इमारत कुठली, तर रॉबर्ट हॅना नावाच्या माणसाच्या टॅव्हर्नमध्ये कोर्ट भरायला लागलं, ॲलेगेनी डोंगरांच्या पश्चिमेला इंग्लिश कायद्याने चालणारं ते पहिलं कोर्ट. तिथेच मे १७७५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या वर्षभर आधी, लोकांनी जमून ब्रिटिश पार्लमेंटच्या विरोधात ठराव केले. म्हणजे जमीनजुमल्याची भांडणं, खटले आणि राजकारण सगळं एकाच माणसाच्या घरात, आणि मधल्या वेळात तोच माणूस मटण वाढतोय. १७८२ मध्ये गाव जाळलं गेलं, आज दिसतं ते काउंटीच्या इतिहास संस्थेने पुन्हा उभारलेलं आहे.

आणि वाटेल तो वाटेल तसा टॅव्हर्न उघडू शकत नव्हता. लायसन्स लागायचं. व्हर्जिनिया आणि केंटकीत तर काउंटी कोर्ट रेटच ठरवून द्यायचं, जेवण किती, बिछाना किती, घोड्याचा चारा किती, अमुक दारू किती, आणि जास्त घेतले तर दंड. विधवा बायकांना सुद्धा लायसन्स मिळायची आणि त्या टॅव्हर्न चालवायच्या, त्या काळात बाईने स्वतःच्या नावावर धंदा करायच्या ज्या थोड्या वाटा होत्या त्यातली ही एक. गुत्ता म्हटलं की हे सगळं एका शब्दात पुसलं जातं हो.

आता आमच्या बाजूच्या रस्त्याचं सांगतो, कारण रस्त्याशिवाय टॅव्हर्न नाही. नॅशनल रोडला काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, १८०६ मध्ये मंजुरी दिली, काम १८११ मध्ये मेरीलँडच्या कंबरलँडपासून सुरू झालं आणि १८१८ पर्यंत रस्ता ओहायो नदीवर व्हीलिंगला पोचला. आजचा रूट ४० बराचसा त्याच्याच अंगाखांद्यावरून जातो. या रस्त्यावर माल वाहणाऱ्या सहा-सहा घोड्यांच्या कोनेस्टोगा गाड्या, स्टेजकोच नावाच्या घोडागाड्यांचे प्रवासी, आणि पूर्वेच्या बाजारात पायी हाकत नेलेले डुकरांचे, गुरांचे कळप, सगळं एकत्र चालायचं, आणि प्रत्येकाचा टॅव्हर्न वेगळा. स्टेजकोचवाल्यांचा जरा बरा, वर खोल्या वगैरे, तरी एका पलंगावर अनोळखी दोघं-तिघं झोपायचे आणि कुणाला त्यात काही वाटायचं नाही. कोनेस्टोगावाले स्वतःची वळकटी आणायचे आणि बारच्या खोलीत जमिनीवर, शेकोटीकडे पाय करून गोलात झोपायचे. याच रस्त्यावर फोर्ट नेसेसिटी या जुन्या किल्ल्याजवळ माउंट वॉशिंग्टन टॅव्हर्न आहे, १८३० च्या सुमाराची विटांची इमारत, जी जमीन एकेकाळी वॉशिंग्टनच्या मालकीची होती तिच्यावर बांधलेली. ती स्टेजकोचवाल्यांची. आज नॅशनल पार्क सर्व्हिसचं म्युझियम आहे, मी पाहुण्यांना नेतो तिथे, छान ठेवलंय.

मग १८५३ मध्ये बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वे व्हीलिंगपर्यंत सुरू झाली आणि हा सगळा संसार बसला. रस्त्यावरची गर्दी रेल्वेने उचलून नेली, टॅव्हर्न राहती घरं झाली, गोठे झाले, काही नुसती पडली. तेव्हा या वास्तू कुणी इतिहास म्हणून जपल्या नाहीत, कुणाला तरी राहायला किंवा गवत भरायला जागा हवी होती म्हणून त्या टिकल्या, आणि माझा सगळा मुद्दा तोच आहे. वापरात असलेलं घर गळायला लागलं तर त्याच आठवड्यात कुणीतरी शिडी लावतं. कुलूप लावलेल्या घरात पाणी पाच वर्षं मुरतं आणि मग तुळई तुटल्यावर कळतं.

म्हणून मला माउंट वॉशिंग्टनपेक्षा जास्त आवडतात त्या जागा जिथे आजही कुणीतरी जेवतंय. मिझुरीत ॲरो रॉक नावाचं छोटं गाव आहे, सांता फे ट्रेल या पश्चिमेकडे जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवरचं, तिथला जे. ह्यूस्टन टॅव्हर्न १८३४ चा, राज्याने तो १९२३ मध्ये विकत घेतला, आणि तिथे आजही जेवण वाढतात. आमच्याकडे बेडफर्डच्या बाहेर जिथे दोन जुने रस्ते फुटतात तिथे जाँ बोने टॅव्हर्न, ज्याला १७८० मध्ये लायसन्स मिळालं होतं, आज खाली रेस्टॉरंट आणि वर मुक्कामाच्या खोल्या. केंटकीत बार्ड्सटाउनचा ओल्ड टॅलबट टॅव्हर्न, दगडी, १७७९ हे साल सांगतात, मार्च १९९८ मध्ये आग लागली, छप्पर गेलं, वरच्या खोलीतल्या भिंतीवरच्या जुन्या चित्रांचं नुकसान झालं. तरी दुरुस्त करून पुन्हा उघडला, कारण तो चालता धंदा होता आणि गावाला तो हवा होता. बंद पडलेली वास्तू असती तर आग हे पाडायला चांगलं निमित्त झालं असतं.

उलट बाजू पण सांगतो. १९६६ च्या कायद्याने नॅशनल रजिस्टर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंची राष्ट्रीय यादी, सुरू झालं, आणि लोकांना वाटतं की एकदा नाव तिथे लागलं की इमारत सुटली. तसं काही नाही! खाजगी मालकाने स्वतःच्या पैशाने रजिस्टरवरची इमारत पाडायची ठरवली तर फेडरल कायदा त्याला अडवत नाही, गावाचा स्वतःचा नियम असेल तरच. आणि कधीकधी आपल्यासमोर काय उभं आहे हेच माहीत नसतं. २०२० मध्ये आमच्याच राज्यात वॉशिंग्टनव्हिल नावाच्या गावात एक मोडकळीला आलेला बार पाडायला घेतला, वरच्या फळ्या उचकटल्या तर आत ओंडक्यांचं अठराव्या शतकातलं अख्खं दुमजली घर. मग पाडकाम थांबवून ओंडके सांभाळून उतरवावे लागले.

आमची टॅव्हर्न दगडी आहे, ओंडके नाहीत, पण सरप्राइजेस कमी नव्हते. दारावर एक लोखंडी पाटी होती, साल लिहिलेलं, आणि अर्थातच वॉशिंग्टन इथे झोपला होता असा गावाचा ठाम विश्वास (तो बिचारा जेवढ्या ठिकाणी झोपला असं सांगतात तेवढ्या ठिकाणी झोपला असता तर लढाई कधी केली असती). मग तुळयांना पोकळ ड्रिलने बारीक नमुने काढले, झाडाच्या वर्तुळांवरून लाकूड तोडल्याचं वर्ष काढतात ते, सालीपर्यंतचं शेवटचं वर्तुळ मिळालं तर अगदी नेमकं वर्ष येतं, आणि ते पाटीवरच्या सालापेक्षा पुष्कळ अलीकडचं निघालं. मीटिंगमध्ये शोककळा पसरली. मला मात्र आनंद झाला, कारण आता खरं काय ते माहीत होतं. खिळ्यांवरून पण कळतं, हाताने घडवलेले चौकोनी खिळे जुने, साधारण १७९० नंतर मशीनवर कापलेले येतात, आणि गोल तारेचे खिळे दिसले की समजायचं हे काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचं किंवा त्यानंतरचं.

खरं दुखणं भिंतीत होतं. मागे कधीतरी एका कंत्राटदाराने सगळ्या दरजा पोर्टलँड सिमेंटने भरून टाकल्या होत्या, वरून अगदी टकाटक. जुनी भिंत चुना आणि वाळूच्या मसाल्यात बांधलेली असते, तो मसाला दगडापेक्षा मऊ असतो, पाणी आत शिरलं तरी दरजेतून वाळून बाहेर जातं. सिमेंट कडक आणि बंद, मग ओल दरजेतून निघेना म्हणून दगडातून निघते, हिवाळ्यात तिचा बर्फ होतो आणि दगडाचे पोपडे सुटतात. अमेरिकेत पोर्टलँड सिमेंटचं पहिलं पेटंट १८७१ चं, ते पण आमच्याच पेनसिल्व्हेनियातल्या कोप्ले गावच्या डेव्हिड सेलरचं. म्हणजे ही भिंत उभी राहिली तेव्हा या देशात ती वस्तूच नव्हती. मी आयुष्यभर सिमेंटवर पोट भरलं आणि आता म्हातारपणी छिन्नी-हातोडी घेऊन तेच सिमेंट खरवडून काढतोय, देव बघतोय वरून. ग्राइंडर लावला तर दगडाच्या कडा जातात म्हणून हातानेच, आणि दरजेच्या रुंदीच्या निदान दोन ते अडीच पट खोल काढायचं, मग चुन्याचा मसाला थराथराने दाबून भरायचा, ओलं गोणपाट लावून ठेवायचं आणि हे सगळं थंडी पडायच्या आत. एका शनिवारी एका माणसाची भिंत किती होते विचारू नका.

हे झालं सोपं काम. अवघड काम म्हणजे माणसं. आमच्यात सरळ दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते १८०० च्या आसपास जशी होती तशी करा, दोरी लावा, मेणबत्त्या ठेवा, शाळेच्या मुलांना वर्षातून दोनदा दाखवा. दुसरी म्हणते कॉफी ठेवा, टाउनशिपच्या मीटिंग तिथे घ्या, मतदान केंद्र करा, वीज गेली की थंडीत लोकांना बसायला गरम खोली द्या, शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार अंगणात भरवा, लग्नाला भाड्याने द्या. मी दुसऱ्या पार्टीत आहे हे सांगायला नको. पहिल्या पार्टीला मी एवढंच विचारतो की मतदान आणि सभा तिथे पूर्वी होतच होत्या ना, मग दोरी लावणं हा जुना वापर की नवा? केंद्र सरकारचे जे नियम आहेत ऐतिहासिक इमारतींसाठी, इंटिरिअर नावाच्या सरकारी खात्याचे (सजावटीशी संबंध नाही), त्यात चार वेगळे मार्ग दिलेत, आहे ते जपणं, वापरासाठी सुधारणं, ठराविक काळाला परत नेणं आणि नाहीशी झालेली वास्तू नव्याने उभारणं. वापरासाठी सुधारणं हा त्यातलाच एक रीतसर मार्ग आहे, पळवाट नाही.

पण आमच्या पार्टीने पण जरा पाय जमिनीवर ठेवावेत असं मला वाटतं. उदाहरणार्थ रॅम्प. १९९० च्या कायद्याने व्हीलचेअरवरच्या माणसाला आत येता आलं पाहिजे, आणि यायलाच पाहिजे, सार्वजनिक जागा म्हणता ना. उतार एकाला बारा. आमचा उंबरठा जमिनीपासून दोन फूट वर, म्हणजे चोवीस फुटांचा रॅम्प, तो पुढच्या दगडी दर्शनी भिंतीसमोर टाकला तर टॅव्हर्न दिसणारच नाही. म्हणून तो मागून, जिथे अंगण मुळातच चढतं तिथून घ्यायचा असं ठरलंय, पण मग दोघांनी एकाच दाराने यायचं हे मी भांडून पास करून घेतलं, चालणाऱ्यांना पुढचं दार आणि बाकीच्यांना मागचं असं नको. दाराची मोकळी रुंदी ३२ इंच लागते, जुनं दार तेवढं नाही, तर जुनी चौकट न तोडता नवीन दार मागच्या वाढीव खोलीत. किचन, टॉयलेट, पाण्याचे पाइप, सगळं त्याच वाढीव खोलीत, जी उद्या काढून टाकली तरी मूळ भिंतीला ओरखडा नाही. भट्टी, तेल आणि चिमणीचा धूर जुन्या तुळयांखाली नकोच, टॅलबटची आग लक्षात ठेवा.

आणि पैसा. जो वाचक म्हणतो लोकांचे पैसे उधळले, त्याने हे बघावं की फेडरल टॅक्स क्रेडिट, म्हणजे केंद्राच्या करातली वजावट, खर्चाच्या २० टक्के आहे खरं, पण ते फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतीला, आणि आता पाच वर्षांत विभागून मिळतं. आमच्यासारख्या ना-नफा संस्थेला टॅक्सच नाही तर क्रेडिट कशातून वळतं करणार. म्हणजे बहुतेक पैसा वर्गणी, पॅनकेक ब्रेकफास्ट आणि माझ्यासारख्यांचे शनिवार. म्हणूनच भाड्याचं उत्पन्न लागतं, छप्पर एकदा करून भागत नाही, पंधरा-वीस वर्षांनी लाकडी शिंगल्स पुन्हा. आणि गंमत अशी की ज्या दारूवरून एवढं रान उठवलंय ती विकायला आम्हाला परवानगीच नाही, पेनसिल्व्हेनियात काउंटीच्या दर ३,००० लोकांमागे एक लायसन्स असा कोटा आहे, नवीन मिळणं मुश्कील, कुणाचं तरी जुनं विकत घ्यावं लागतं आणि ते आमच्या आवाक्यातलं नाही. तर हा गुत्ता सध्या लिंबूपाणी आणि कॉफीवर चालणार आहे.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही पार्ट्यांना मी खटकतो. माहितीच्या फलकावर काय लिहायचं. अशा टॅव्हर्नला फ्रंटियरवरचा टॅव्हर्न म्हणतात, फ्रंटियर म्हणजे सीमा, पण कुणाची? इथे लेनापे, शॉनी, सेनेका हे मूळ रहिवासी लोक होते, त्यांच्या दृष्टीने ही सीमा नव्हती, घर होतं. हॅनाज टाउन जाळलं गेलं ते सेनेका आणि ब्रिटिशांच्या बाजूच्या लोकांनी, आणि ते आभाळातून पडले नव्हते. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये गुलामगिरी हळूहळू संपवायचा कायदा केला हे अभिमानाने सांगतात, पण त्या दिवशी जे गुलाम होते ते तसेच राहिले, आणि नंतर जन्मलेल्या त्यांच्या मुलांना २८ वर्षांचं होईपर्यंत राबावं लागलं. केंटकी-मिझुरीत तर टॅव्हर्नच्या स्वयंपाकघरात आणि तबेल्यात गुलामच असायचे. सगळ्यांसाठी खुली जागा असं आपण आज म्हणतो, तेव्हा ती सगळ्यांसाठी नव्हती. हे लिहिलं तर वर्गणी कमी होईल असं खजिनदारांचं मत आहे. होईल कदाचित. फलकाचा मसुदा तिसऱ्यांदा परत आलाय.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी मथळ्यात 'टॅव्हर्न' असंच छापा, वाचकांना कळतं, आणि त्या गुरुवारच्या वाचकांना सांगा की कधी अमेरिकेत आलात तर शनिवारी या, छिन्नी देतो हातात. सोबत एक फोटो पाठवतोय, छापलात तर कॅप्शन नीट द्या, त्यात डाव्या बाजूला दिसतो तो रॅम्प नाही, ती परांची आहे.

आपला,
एक जुना वाचक
पश्चिम पेनसिल्व्हेनिया, अमेरिका